बुणे, म्हुणे, फुणे

बायकोला बँगोरच्या विद्यापीठात नोकरी लागली आणि मी लॅपटॉप काखेत मारून तिच्यामागे वेल्सच्या वायव्य कोपऱ्यात, कायर्नारवनला येऊन पडलो. "इंग्लंडलाच आहेस ना?" आईनं फोनवर विचारलं. मी हो म्हणालो. वेल्स म्हणजे इंग्लंड नव्हे, आणि हा 'हो' इथे मोठ्यानं म्हणायचा नसतो, हे मागाहून कळलं.

पहिल्याच सकाळी बेकरीत गेलो. रांगेतली माणसं वेल्शमध्ये गप्पा ठोकत होती. माझी पाळी आली तशी काउंटरवरच्या बाईंनी इंग्रजी सुरू केलं. बरं वाटलं. पण आठवडाभरानं तेच खुपायला लागलं. रोज आपण आलो की यजमानानं गप्पा थांबवून गादीवरची चादर झटकायची, किती दिवस चालवून घ्यायचं?

२०२१च्या जनगणनेप्रमाणे आमच्या ग्विनेद भागात शंभरातले ६४ जण वेल्श बोलतात. अख्ख्या वेल्समध्ये मात्र १८सुद्धा भरत नाहीत. २०५०पर्यंत बोलणारे दहा लाख करायचे, असं तिथल्या सरकारनं ठरवलंय. म्हटलं, नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव त्यांनी बघावेत, उरलेल्या एकाची सोय मी करतो. निदान नमस्कार-चमत्कारापुरती.

सगळं देवनागरीत लिहून काढलं. सकाळी 'बोरे दा'. बोरे आडनावाचा कुणी दादा डोळ्यांसमोर उभा केला की झालं. दुपारी 'प्रिन्हौन दा', जे मला नीट म्हणता येईपर्यंत संध्याकाळ होते. संध्याकाळी 'नोस्वाइथ दा', पण या 'दा'ला जीभ दातांत धरायची. का? तर संध्याकाळ स्त्रीलिंगी! चांगला-चांगली-चांगलं करण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे पटतं. पण रात्रही स्त्रीलिंगीच आणि तरी 'नोस दा'चा 'दा' जागचा हलत नाही. रात्री व्याकरणही झोपत असावं.

'कसे आहात'चं उत्तर 'दा यौन', म्हणजे अगदी छान. हा कागद मी फ्रिजवर चिकटवला होता. उन्हाळ्यात आई राहायला आली. तिनं चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि सुनेकडे बघत म्हणाली, "हे काय शिकतोय हा या वयात?" मी अर्थ सांगितला. तिला तो पटल्यासारखा वाटला नाही. त्यातून इथली पद्धत अशी, की रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं की नुसतंच विचारतात, "यौन?" बरंय ना, एवढाच त्याचा अर्थ. आईला फिरायला नेताना मी समुद्राकडच्या निर्जन वाटेनं न्यायचो.

काही गोष्टी मात्र आपल्याला आयत्या मिळतात. 'ती' म्हणजे तू, 'खी' म्हणजे तुम्ही. हा 'खी' घशातून खरवडून काढायचा. वेल्शच्या वर्गातला इंग्रज गडी या तू-तुम्हीवर तासभर अडला होता, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा भाषेच्या वर्गात हुशार ठरलो. वडीलधाऱ्यांना 'खी', लेकरांना 'ती', आणि देवालाही 'ती'च. विठ्ठलाला अरेतुरे करणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

ही मस्ती उतरवली शब्दांच्या बदलत्या तोंडांनी. आपण शब्दाचं शेपूट बदलतो: पुणे, पुण्याला, पुण्यात. वेल्श माणूस तोंडच बदलतो. पुणे वेल्समध्ये असतं तर पुण्याला जाताना ते 'बुणे' झालं असतं, पुण्यात राहताना 'म्हुणे' आणि 'मुंबई आणि पुणे' म्हणताना 'फुणे'. पुणेकरांनी हे कसं चालवून घेतलं असतं, देव जाणे.

असा तयार होऊन मी बेकरीत जायचो. "बोरे दा!" बाई हसून "बोरे दा!" म्हणायच्या आणि लगेच इंग्रजीत, "आज काय देऊ?" एकदा मी 'अराव' म्हणून पाहिलं. म्हणजे हळू. हा शब्द इथल्या रस्त्यांवर हातभर अक्षरांत रंगवलेला असतो, म्हणून पाठ. जरा सावकाश बोला, असं मला म्हणायचं होतं. त्यांनी सावकाश इंग्रजी सुरू केलं.

मला राग यायचा. मग आठवलं, पुण्यात आमचा बिहारी इस्त्रीवाला घाम गाळून "साहेब, कपडा झाला" म्हणायचा आणि मी उदारपणे विचारायचो, "कितना हुआ?"

एका मंगळवारी मात्र नवल घडलं. बेकरीत दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मी 'खी' लावून बाईंची विचारपूस केली आणि त्या वेल्शमधूनच बोलत राहिल्या. चांगली दोन मिनिटं! त्यातलं 'म्रौड' ऐकलं, 'मँगोर' ऐकलं, आणि कळलं काहीच नाही, पण बाई आपल्याशी वेल्श बोलताहेत, या आनंदात मी छाती फुगवून म्हणालो, "दा यौन! दा यौन!"

रात्री बायकोला ते दोन शब्द ऐकवले. तिनं भाताची पळी खाली ठेवली. "अरे, 'ब्रौड' म्हणजे भाऊ. 'माझा' लागला की म्रौड. आणि बँगोरमध्ये म्हणजे मँगोर. त्यांचा भाऊ बँगोरच्या हॉस्पिटलात असणार. तू काय म्हणालास?"

मी काय म्हणालो ते सांगितलं.

माफी मागायला 'मायन द्रूग गेन ई' म्हणतात. शब्दशः बघितलं तर आपल्या 'मला वाईट वाटतं'च्या अगदी शेजारचं. ते मी पहाटेपर्यंत घोकलं, आरशासमोर चेहरा पाडून दोनदा तालीम केली, आणि दुकान उघडताक्षणी जाऊन म्हणून टाकलं. बाईंनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग त्या काउंटरवर ओणव्या होऊन हसायला लागल्या. डोळे पुसत इंग्रजीत म्हणाल्या, "अहो, गुडघ्याचं ऑपरेशन होतं. शुक्रवारी घरी सोडताहेत त्याला."

पुन्हा इंग्रजी! मी पाव उचलला, सुटे पैसे मोजून दिले आणि वळलो.

"हुइल, किऊ," बाई मागून म्हणाल्या.

'हुइल' म्हणजे अच्छा, हे मला येत होतं. 'किऊ' वहीत शोधावं लागलं. किऊ म्हणजे कोंबडीचं पिल्लू. माझं वय ४९.