हद्द कायम

काल संध्याकाळी 7 वाजून 42 मिनिटांनी, आमच्या शालेय जिल्ह्याच्या, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, सात निर्वाचित विश्वस्तांसमोर मी "माझी मुलगी रोज" एवढे म्हणालो आणि माझा माईक बंद झाला. माझी मुलगी रोज काय करते, हे आता त्या सभागृहाला कधीच कळणार नाही. मिळालेल्या दोन मिनिटांपैकी पहिली चाळीस सेकंदे मी स्वतःचे आडनाव सांगण्यात, ते अक्षरे फोडून पुन्हा सांगण्यात आणि विश्वस्तांच्या सेवाभावाचे कौतुक करण्यात घालवली, हा दोष माझा. परंतु माझ्यानंतर उठलेल्या गृहस्थांनी आपल्या कुत्र्याच्या फिरण्याच्या वेळेपासून सुरुवात करूनही 1 मिनिट 58 सेकंदांत मुद्दा संपवला आणि वर टाळ्या मिळवल्या, हे मला अजून पचलेले नाही.

प्रकरण थोडक्यात असे. डॅलसच्या उत्तरेकडील आमच्या उपनगरात जुन्या वस्त्यांमधली मुले मोठी होऊन निघून गेली आहेत आणि शेतांवर उठलेल्या नव्या वस्त्यांमध्ये मुले मावत नाहीत. म्हणून कोणत्या घरातले मूल कोणत्या सरकारी शाळेत जाणार, याच्या हद्दी नव्याने आखायचे ठरले. प्रस्तावित नकाशातली जांभळी रेघ आमच्या रस्त्याच्या मधोमध जाते. समोरच्या बाजूची मुले जुन्या शाळेत राहतील. ती शाळा आमच्या घरापासून 600 मीटरवर आहे आणि तिच्या मधल्या सुट्टीचा कलकलाट आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. आमची तिसरीतली मुलगी मात्र 1.9 मैलांवरच्या दुसऱ्या शाळेत जाईल. हा 1.9 आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. टेक्सासात धोक्याच्या रस्त्यांचे अपवाद सोडले, तर शाळेच्या बससाठी राज्याकडून पैसे मिळतात ते 2 मैल किंवा त्याहून लांब राहणाऱ्या मुलांसाठी. म्हणजे शाळा लांबची झाली, पण बस यावी इतकी लांब झाली नाही.

सभेला मी एकटाच जाणार होतो. परंतु सध्या माझे सासरे, नाना, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेले आहेत. नाना गडहिंग्लजच्या बाजूचे, भूमी अभिलेख खात्यातून निमतानदार म्हणून निवृत्त झालेले. हा हुद्दा ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की एखाद्या मोजणीवर खातेदाराची हरकत आली, म्हणजे फेरमोजणीला जो माणूस जातो तो निमतानदार. दुसऱ्याने आखलेली रेघ चुकलेलीच असणार, असे गृहीत धरण्याचा पगार नानांनी 31 वर्षे घेतला. जेवताना माझ्या तोंडून "हद्द" हा शब्द निघताच त्यांनी ताट बाजूला सारले आणि इस्त्रीचा सदरा मागितला.

सभेपूर्वी बाहेरच्या दालनात नकाशे मांडले होते आणि प्रत्येक नकाशापाशी सल्लागार कंपनीचा एकेक तरुण, गळ्यात ओळखपत्र व चेहऱ्यावर सहानुभूती अडकवून उभा होता. नाना आमच्या वस्तीच्या नकाशापाशी गेले, चश्मा कपाळावर चढवून नाक कागदाला टेकेपर्यंत वाकले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "जावईबापू, यांना विचारा, हद्दीचे दगड कुठे आहेत?"

मी इंग्रजीत विचारले. दगड नसतात, हद्द संगणकात असते, असे तरुणाने नम्रपणे सांगितले.

"असो. जागेवर कोण गेले होते?"

जागेवर कोणी गेले नव्हते. कोणत्या वस्तीतून पुढील दहा वर्षांत किती मुले निघतील, याचा अंदाज काढून त्यावरून ही रेघ आखली आहे, हे सांगताना त्या तरुणाचा आवाज अभिमानाने भरून आला.

"म्हणजे," नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "जे खातेदार अजून जन्माला आलेले नाहीत, त्यांच्या नावावर यांनी मोजणी केली."

हे वाक्य मी भाषांतरात गाळले. आपली वाक्ये गाळली की नानांना कळते, कारण ते बोटे मोडून माझ्या इंग्रजीची लांबी मोजतात. त्यांनी मला एक सरकारी कटाक्ष दिला आणि पुढचा प्रश्न टाकला, "लगतच्या खातेदारांना नोटिसा बजावल्या का?"

सर्व पालकांना ईमेल गेला होता.

"पोच?"

पोच नव्हती. नानांनी सदऱ्याच्या खिशातून छोटी वही काढून त्यात काहीतरी लिहिले. ते पाहून तरुणानेही घाईघाईने आपल्या कागदावर काहीतरी लिहिले. आमच्या मागे आता सात-आठ पालकांची रांग लागली होती. नानांना ते वरिष्ठ कार्यालयातून आलेले तपासणी अधिकारी समजत असावेत, कारण कोणी तक्रार करत नव्हते.

नानांना शांत करण्यासाठी असेल, तरुणाने सांगितले की पुढल्या वर्षी पाचवीत जाणाऱ्या मुलांना ग्रँडफादरिंगची सवलत आहे, म्हणजे त्यांना शेवटचे वर्ष जुन्याच शाळेत काढता येईल. एवढ्या संभाषणातला हा एकच शब्द नानांना माझ्या मदतीवाचून कळला, आणि तो नेमका चुकीचा कळला.

"ग्रँडफादर असला तर मूल जुन्या शाळेत राहते? मग हे आधी नाही का सांगायचे! मी हजर आहे, म्हणावे." असे म्हणून त्यांनी आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पासपोर्ट काढला आणि फोटोचे पान उघडून त्या तरुणाच्या हातात दिले. त्याने ते दोन्ही हातांनी धरून आदराने वाचले. रांगेतल्या एका बाईंनी मला हळूच विचारले, की पासपोर्ट सर्वांनी आणायचा होता का. खरा अर्थ समजावल्यावर नानांचा चेहरा उतरला. आमची मुलगी पुढल्या वर्षी चौथीत जाणार असल्यामुळे आजोबा असूनही ती या सवलतीत बसत नव्हती.

हा शब्द आला कुठून, हे मी रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो आणि उरलीसुरली झोपही गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांनी मतदानासाठी साक्षरतेच्या परीक्षा लावल्या, आणि ज्याच्या वाडवडिलांना यादवी युद्धाच्या सुमारास मताचा हक्क होता, त्याला त्या माफ केल्या. गुलामाच्या नातवाला असे आजोबा कुठून मिळणार? सर्वोच्च न्यायालयाने 1915 साली ही आजोबांची पळवाट रद्द केली. शाळेच्या रेघांचा इतिहासही याच कुळातला आहे. 1971 साली शार्लटच्या खटल्यात न्यायालयाने वर्णभेद मोडण्यासाठी मुलांना बसने दूरच्या शाळेत नेणे मान्य केले, आणि 1974 साली डेट्रॉइटच्या खटल्यात तीच बस उपनगरांच्या हद्दीवर थोपवली. आमच्यासारखी माणसे बरीच नंतर आली आणि हद्दीच्या बरोबर आतल्या बाजूची घरे शोधून कर्जे काढून बसली.

सभेकडे परत येतो. तीन तासांत मी अदमासे चाळीस पालकांना ऐकले. प्रत्येकाने "दुसरी शाळाही उत्तमच आहे" असे म्हणून सुरुवात केली, आणि प्रत्येकाच्या पुढच्या वाक्यात "पण" होता. कोणी रहदारीचे बोलले, कोणी मुलांच्या मैत्रीचे, कोणी ओढ्यावरच्या पुलाचे. घराच्या किमतीचे नाव एकानेच काढले, आणि सुतकात पेढ्याचा भाव विचारल्यासारखे सारे सभागृह त्याच्याकडे पाहू लागले. मीही तसेच पाहिले. वास्तविक शाळांना गुण देणाऱ्या संकेतस्थळावर जुन्या शाळेला दहापैकी 9 गुण होते म्हणूनच मी हे घर ऐपतीबाहेर जाऊन घेतले, आणि नव्या शाळेला 7 गुण आहेत म्हणूनच काल मला मुलीच्या मैत्रिणींचा एवढा उमाळा आला होता. बोस्टनच्या उपनगरांत अशाच रेघेच्या दोन बाजूंच्या घरांच्या किमती ताडून 1999 साली एका अर्थशास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिले होते, की परीक्षेतले गुण 5 टक्के वाढले तर पालक घरासाठी दोन-अडीच टक्के जास्त मोजतात. मी किती टक्के जास्त मोजले, हे मी बायकोलाही सांगितलेले नाही.

विश्वस्त मात्र काहीच बोलले नाहीत. या सत्रात ऐकून घेतले जाईल, उत्तर दिले जाणार नाही, असे सुरुवातीलाच वाचून दाखवले होते. पण ऐकणाऱ्याने निदान वर तरी पाहावे. डावीकडचे एक विश्वस्त सबंध वेळ टेबलाखाली बघत होते, आणि तिथे नकाशा नव्हता, हे मी पैजेवर सांगतो. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये 2000 च्या सुमारास अशीच हद्द बदलली, तेव्हा काही पालकांनी फुटून वेगळा शालेय जिल्हा काढण्याचीच मागणी केली होती. आमचे मागणे कुणीतरी मान वर करावी, एवढेच होते.

नाना सभेवर खूश होते. "बेळगावचा प्रश्न 1956 पासून चालला आहे," ते माझ्या कानात म्हणाले, "महाजन आयोगाचा अहवाल 1967 साली आला, 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आणि हे लोक तीन आठवड्यांत हद्द कायम करायला निघाले आहेत! आमच्या खात्यात एवढ्या वेळात अर्जावर शिक्कासुद्धा पडत नाही."

घरी परतताना समोरच्या वहिनी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवत होत्या. त्या मूळच्या नाशिकच्या. पाच वर्षे आमच्या घरी त्यांच्याच झाडाचा कढीपत्ता चालतो. "तुमच्यासाठी फार वाईट वाटतं हो," त्या म्हणाल्या, आणि तो स्वर सुतकात भेटायला आलेल्या माणसाचा होता. मी आभार मानले. आज सकाळी पोह्यांत कढीपत्ता नव्हता.

पोहे न खाताच नाना बाहेर पडले आणि दोन तासांनी घामाघूम होऊन परतले. नव्या शाळेपर्यंत ते पायी जाऊन आले होते. जिल्ह्याने धरलेला 1.9 मैलांचा मार्ग मध्येच एका गृहसंकुलाच्या आतून जातो, तिथे फाटक आहे, आणि फाटकाला आकडे दाबायचे कुलूप आहे. "खासगी वहिवाट आहे ती," नाना म्हणाले, "ती मोजणीत धरता येत नाही." मी कायदा उघडून पाहिला. अंतर सार्वजनिक रस्त्यांवरच्या सर्वांत जवळच्या मार्गाने मोजायचे असते, असे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. मग गाडी काढून सार्वजनिक रस्त्याने मोजले, तर 2.1 मैल भरले. म्हणजे बस मिळायला हवी. बसची मागणी करणे म्हणजे ती शाळा कबूल करणे, हे बायकोने दाखवून देईपर्यंत माझा ईमेल गेलेला होता.

नऊ सेकंदांत उत्तर आले. आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो, असा त्याचा आशय होता. मी ते नानांना वाचून दाखवले.

"आवक क्रमांक काय पडला?" त्यांनी विचारले.

क्रमांक नव्हता.

"मग अर्ज पोहोचलाच नाही," असे म्हणून त्यांनी पुन्हा इस्त्रीचा सदरा मागितला आहे. जिल्ह्याचे कार्यालय साडेचारला बंद होते, आणि इस्त्री अजून तापते आहे.