उन्हाळी लागली की गुलाबी खोके
गेल्या मे महिन्यात, नागपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात असताना, मला वर्षभरात तिसऱ्यांदा लघवीला जळजळ सुरू झाली. घरच्यांनी उन्हाळी लागली म्हणून धने-जिऱ्याचे पाणी दिले, ते मी प्यायलेही. पण चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप आला, तेव्हा औषधाचे दुकान गाठले. काउंटरवरच्या मुलाने माझे वाक्य पुरे होऊ न देता गुलाबी खोक्यातली प्रोबायोटिकची, म्हणजे शरीराला उपयोगी समजल्या जाणाऱ्या जिवंत जंतूंची, बाटली काळ्या पिशवीत घालून हातात ठेवली. ताप आहे का, एवढेही विचारले नाही. किंमत ७८० रुपये!

घरी येऊन चष्मा लावला. समोर ठळक अक्षरांत ‘मूत्रमार्गाचे संपूर्ण संरक्षण’ आणि मागे मोहरीएवढ्या इंग्रजी अक्षरांत ‘औषधी वापरासाठी नाही’. अशी उत्पादने कायद्याने अन्नात मोडतात, म्हणून ती ओळ छापावीच लागते. मग जळजळीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला ही बाटली औषध म्हणून का दिली जाते? ‘२५ अंशांखाली ठेवा’ असेही तिथेच लिहिले होते, आणि ती बाटली काढली होती दुपारभर ऊन खाणाऱ्या काचेच्या कपाटातून. त्यातले जिवंत म्हणवणारे जंतू किती उरले असतील?

योनीमार्गातले लॅक्टोबॅसिलस हे उपयोगी जंतू आम्ल तयार करून तिथला सामू (आम्लतेचे माप, pH) साधारण ३.८ ते ४.५ राखतात आणि अपायकारक जंतूंना आळा घालतात, हे खरे आहे, आणि या खऱ्याच्या आडूनच सगळा खोटा माल खपवला जातो, याचा मला संताप येतो. प्रोबायोटिकने मूत्रमार्गाचा संसर्ग टळतो याला २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात) पुरेसा पुरावा मिळाला नाही. याच कामासाठी विकली जाणारी डी-मॅनोज या साखरेची भुकटी ब्रिटनमधल्या ५९८ स्त्रियांवरील चाचणीत निष्प्रभ ठरली, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. क्रॅनबेरी या आंबट फळाने वारंवार होणारा संसर्ग काहीसा कमी होतो, हे मान्य. परंतु तो टाळण्यासाठी, झालेला बरा करण्यासाठी नव्हे.

शेवटी डॉक्टरांकडे गेले. लघवीच्या कल्चरला, म्हणजे कोणता जंतू आहे हे शोधणाऱ्या तपासणीला, मला ५५० रुपये लागले, म्हणजे बाटलीपेक्षा कमी. अहवालात ई. कोलाय हा जंतू निघाला आणि डॉक्टरांनी दिलेल्या अँटिबायोटिकने ताप उतरला. आणखी उशीर झाला असता तर मूत्रपिंडावर बेतले असते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

बाटली परत करायला गेले, तर कॉलेजातली एक मुलगी खाली मान घालून तेच गुलाबी खोके घेत होती. आधी लघवी तपासून घे, असे मी तिला सांगितले, तेव्हा गिऱ्हाईक तोडता म्हणून दुकानदाराने मलाच सुनावले.