64 चं कार्ड म्हणजे 64 माणसं नाहीत

तुम्ही लिहिलंय की मी हार्डवेअर फुगवून सांगतो, राउटरमध्ये आवाजाचं काम करणारं सिस्कोचं पीव्हीडीएम2-64 कार्ड आहे, त्यातले 30 पीआरआयला (टेलिफोन कंपनीकडून येणारी 30 चॅनलची डिजिटल लाइन) गेले तरी 34 उरतात, मग तीन-तीन जणांच्या आठ कॉन्फरन्स म्हणजे 24 माणसं आरामात बसतील, दुसरं कार्ड कशाला. पैसे वाचवायची तुमची तळमळ पटते, पण हा हिशोब चुकतोय आणि तो राउटर बसल्यावर कळला तर फार त्रास होतो.

त्या 64 चा अर्थ जी.711 चे (आवाज फारसा न दाबता पाठवणारं कोडेक, म्हणजे आवाज डिजिटल करायची पद्धत) 64 साधे कॉल. कार्डावर डीएसपी, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या चिपा आहेत चारच. जी.711 वर एका चिपेत 16 कॉल, म्हणजे 30 चॅनलच्या ई1 ला (म्हणजे त्याच पीआरआय लाइनला) दोन चिपा गेल्या, उरल्या दोन. आणि कॉन्फरन्सला दिलेली चिप दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. आता खरी मेख अशी की कॉन्फरन्स माणसांवर मोजतच नाहीत, सेशनवर मोजतात, एक सेशन आठ जणांचं धरलेलं असतं, त्यात तीनच बसले तरी उरलेल्या पाच जागा दुसऱ्या कॉन्फरन्सला मिळत नाहीत. कॉन्फरन्सच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे राउटरवरच्या सेटिंगमध्ये, आवाज दाबून पाठवणारं जी.729 कोडेक असेल (आणि डिफॉल्ट यादीत ते असतंच, तुम्ही स्वतः काढल्याशिवाय जात नाही) तर एका चिपेवर दोनच सेशन. दोन चिपा, चार कॉन्फरन्स. तुम्हाला हव्यात आठ.

शिवाय पीआरआयवरून बाहेरचा माणूस कॉन्फरन्समध्ये आला की तो दोन ठिकाणी जागा खातो, एक पीआरआयच्या चॅनलची आणि एक ब्रिजवरची, म्हणजे कॉन्फरन्स जोडणाऱ्या चिपेवरची. हे बरेच जण विसरतात.

पण कार्ड न घेता एक मार्ग आहे आणि मला तोच जास्त आवडेल. प्रोफाइलमधून जी.729 काढून फक्त जी.711 ठेवा, मग एका चिपेवर आठ सेशन होतात, तुमचं सगळं काम एकाच चिपेत. मात्र ब्रँचचे फोन जी.729 वर असतील तर त्यांना ट्रान्सकोडर (एका कोडेकचं दुसऱ्यात रूपांतर करणारा) लागेल, तोही डीएसपीच खातो, नाहीतर ते फोनही जी.711 वर आणा, तेव्हा ब्रँचला जोडणाऱ्या लिंकवर एका कॉलला 24 च्या जागी 80 केबीपीएस लागतील, वर लेयर 2 चा (लिंकच्या स्वतःच्या हेडरचा) भार वेगळा. त्यामुळे कार्डाची ऑर्डर देण्याआधी लिंक किती एमबीपीएसची आहे आणि ब्रँचमधून एकाच वेळी जास्तीत जास्त किती जण जोडले जातात ते कळवा, लिंक पुरत असेल तर कार्ड घेऊ नका असं मी स्वतःच सांगेन, नसेल तर अजून एक पीव्हीडीएम2-32 लागू शकेल.