पडदा श्रोत्यांसाठी, लॅपटॉप वक्त्यासाठी

सोलापुरात व्याख्यान असो, कॉलेजचा सेमिनार असो की शाळेतला कार्यक्रम, प्रोजेक्टर आता सगळीकडे लागतो. पण बहुतेक ठिकाणी लॅपटॉपवर जे दिसतं तेच पडद्यावर. या डुप्लिकेट सेटिंगने चांगल्या चांगल्या वक्त्यांची माती होते, हे माझं स्पष्ट मत आहे.

मुद्दे डोळ्यांपुढे हवेत म्हणून वक्ता सगळा मजकूर स्लाइडवरच कोंबतो आणि लोकांकडे पाठ करून वाचत सुटतो. लोकांचं त्याच्या आधीच वाचून झालेलं असतं.

केबल जोडली की विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबा आणि एक्सटेंड निवडा, म्हणजे पडदा आणि लॅपटॉपवर वेगवेगळं दाखवता येतं. पॉवरपॉइंटच्या स्लाइड शो टॅबमध्ये 'यूज प्रेझेंटर व्ह्यू'वर टिक करा, मग एफ५. पडद्यावर फक्त स्लाइड जाते. तुमच्यासमोर चालू स्लाइड, पुढची स्लाइड, नोट्स (स्लाइडखालच्या जागेत टाइप केलेले तुमचे मुद्दे) आणि घड्याळ. नोट्सच पडद्यावर गेल्या तर घाबरू नका, वरच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये स्वॅप करायची सोय आहे. घरी प्रोजेक्टर नसला तरी आल्ट आणि एफ५ दाबून याच व्ह्यूमध्ये सराव होतो.

१२ जानेवारीचं, म्हणजे सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या स्मृतिदिनाचंच घ्या. पडद्यावर चार पुतळ्यांचा एकच मोठा फोटो ठेवा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन ही नावं, १९३० चा मार्शल लॉ, १९३१ साली येरवड्यात झालेली फाशी, हे सगळं नोट्समध्ये. नववीतली मुलगीसुद्धा मग समोर बघून बोलते, आणि सभागृह तिचं ऐकतं.

आता आयोजकांना कळकळीने सांगतो. लॅपटॉप कोपऱ्यातल्या ऑपरेटरच्या टेबलावर ठेवू नका. वक्ता माइकवर, नोट्स तिकडे, आणि दर दोन मिनिटांनी "पुढची स्लाइड घ्या हो"! मग एक्सटेंड करून उपयोग काय? पोडियमपर्यंत पोचेल अशी एचडीएमआय केबल आणा. हारतुऱ्यांवर खर्च होतो, मग केबलवर का नाही? जुना प्रोजेक्टर व्हीजीएवाला असेल तर कन्व्हर्टर लागतो, तोही आधीच लावून बघा.

ऐनवेळी दुसऱ्याच्या लॅपटॉपवर फाइल टाकायची वेळ येतेच. जुन्या श्रीलिपी फॉन्टमधलं मराठी तिथे फॉन्ट नसला की वाचता येत नाही, म्हणून युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसणाऱ्या मराठीतच टाइप करा. व्हिडिओ दाखवणार असाल तर आवाजही तपासा. एचडीएमआय लावल्यावर तो बऱ्याचदा प्रोजेक्टरच्या बारक्या स्पीकरमधून येतो, हॉलच्या साउंडला जातच नाही. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हातून आउटपुट बदलता येतं.

शाळांचे कार्यक्रम जवळ आलेत. कुणाला सेटअप करून हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, शहरात कुठेही येईन. फक्त हॉल अर्धा तास आधी उघडून ठेवा.