कंपनी अमेरिकेची, मालक नाशिकचा: बीओआयच्या त्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात रात्री अकराला नाशिकहून मावशीचा फोन आला. तिकडे सकाळचे साडेआठ. "अगं, ते बीओआय म्हणजे काय? आपलं बँक ऑफ इंडियाचं खातं बंद करायचंय का?" मला काही कळेना. मग तिने फोन मावसभावाकडे दिला, आणि त्याने जे सांगितलं त्यानंतर मला झोप लागली नाही. आदल्या रात्री त्याने कुठल्याशा वेबसाइटवर 349 डॉलर भरले होते आणि पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान स्कॅन करून चढवलं होतं. कशामुळे, तर फॅमिली ग्रुपवर आलेल्या एका फॉरवर्डमुळे.

मावसभावाची अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात छोटी एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, आहे. वारली चित्रांचे टी-शर्ट आणि कापडी पिशव्या तो अमेरिकेत ऑनलाइन विकतो. मालक तो एकटाच, राहतो नाशिकला. मी इकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला एका छोट्या अकाउंटिंग ऑफिसात आहे. अशाच कंपन्यांचे कागद दिवसभर माझ्या टेबलावर असतात. त्याने पैसे भरायच्या आधी एक फोन केला असता तर! पण मजकूरच असा लिहिलाय की माणूस विचारायला थांबत नाही. त्याचा गोषवारा असा:

"अमेरिकेत कंपनी असलेल्या सर्व भारतीयांसाठी तातडीची सूचना. सरकारने अमेरिकन नागरिकांना सूट दिली, पण परदेशी मालक असलेल्या प्रत्येक कंपनीला 30 दिवसांत बीओआय रिपोर्ट सक्तीचा. न भरल्यास रोज 591 डॉलर दंड, कंपनी जप्त, व्हिसा रद्द. ही माहिती सरकार जाहीर करते, म्हणून आमच्या सुरक्षित लिंकवरूनच भरा. फी फक्त 349 डॉलर."

हा मजकूर त्याच दिवशी मला आणखी दोन ग्रुपवर दिसला. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी बीओआय म्हणजे काय ते. कंपनीच्या कागदावर कुणाचंही नाव असो, तिचा खरा मालक कोण, ही माहिती म्हणजे बीओआय, बेनिफिशियल ओनरशिप इन्फर्मेशन. 25 टक्के किंवा जास्त हिस्सा असलेला, किंवा कंपनीचा कारभार ज्याच्या हातात आहे तो. नामधारी कंपन्यांच्या आडून काळा पैसा फिरतो, तो पकडायला अमेरिकी संसदेने 1 जानेवारी 2021 रोजी कॉर्पोरेट ट्रान्स्परन्सी ॲक्ट केला. माहिती गोळा करायचं काम अर्थखात्याच्या फिनसेन या विभागाकडे आलं आणि 1 जानेवारी 2024 पासून रिपोर्ट भरणं सुरू झालं. आपल्याकडे कंपनी कायद्यात 10 टक्के किंवा जास्त हिस्सा असलेल्या खऱ्या मालकासाठी बेन-2 फॉर्म आहे, त्याच जातीची ही गोष्ट.

आता मुद्दा एक, कारण बाकी सगळं यावरच उभं आहे: "परदेशी मालक असलेल्या प्रत्येक कंपनीला."

साफ खोटं. मार्च 2025 मध्ये फिनसेनने अंतरिम नियम काढला. तो 26 मार्च 2025 पासून लागू आहे. रिपोर्ट कुणी भरायचा, याची व्याख्याच त्यात बदलली. आता रिपोर्ट भरायचा तो फक्त अशा कंपनीने, जी दुसऱ्या देशाच्या कायद्याखाली स्थापन झाली आणि मग अमेरिकेतल्या एखाद्या राज्यात कागद दाखल करून धंद्यासाठी नोंदली गेली. अमेरिकेत स्थापन झालेल्या सगळ्या कंपन्या बाहेर. वायोमिंग, डेलावेअर, न्यू जर्सी, टेक्सास, कुठलंही राज्य असो. मालक नाशिकचा असो, सांगलीचा असो की शिकागोचा, काही फरक पडत नाही. नियम कंपनीचा जन्मदाखला बघतो, मालकाचा पासपोर्ट बघत नाही.

मग ही अफवा आली कुठून? मला वाटतं, 2 मार्च 2025 च्या घोषणेतून. त्या दिवशी अर्थखात्याने सांगितलं की अमेरिकन नागरिक आणि देशी कंपन्या यांच्यावर दंडाची कारवाई करणार नाही. यातलं "अमेरिकन नागरिक" तेवढं लोकांनी उचललं, "देशी कंपन्या" गळालं. नागरिकांना सूट म्हणजे उरलेल्यांना सक्ती, असा अर्थ काढून लोक मोकळे झाले. घोषणेचं पुढचं अर्धं वाक्य वाचलं असतं तर हा फॉरवर्ड जन्मलाच नसता.

मावसभावाच्या बाबतीत आणखी एक भानगड झाली आणि त्यात त्याला दोष देता येत नाही. मी नियम समजावत होते तर त्याने व्हिडिओवर एक सर्टिफिकेट कॅमेऱ्यासमोर धरलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. "हे बघ ना ताई, इथे स्पष्ट लिहिलंय, फॉरिन." खरंच लिहिलं होतं. त्याचा माल न्यू जर्सीतल्या एका गोदामात असतो, म्हणून त्याने वायोमिंगची एलएलसी न्यू जर्सीतही नोंदवली आहे. आणि अमेरिकेतल्या राज्यांची भाषा अशी की शेजारच्या राज्यात स्थापन झालेली कंपनीसुद्धा त्यांच्या लेखी "फॉरिन". वायोमिंगची कंपनी न्यू जर्सीत फॉरिन, न्यू जर्सीची टेक्सासात फॉरिन. त्या शब्दाचा आणि फिनसेनच्या नियमाचा काही संबंध नाही. फिनसेनच्या नियमात फॉरिन म्हणजे दुसऱ्या देशात स्थापन झालेली. पण ज्याच्या हातात "फॉरिन" असा शिक्का मारलेला कागद आहे आणि दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर "फॉरिन कंपन्यांना दंड" असा मेसेज आहे, तो घाबरणारच. अशा कागदाचे धनी बरेच आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. तुमच्याकडे तो कागद असेल तर त्यात कंपनी कुठे स्थापन झाली ते बघा. अमेरिकेतल्या राज्याचं नाव असेल तर प्रश्न मिटला.

एक गोष्ट मात्र मला नाइलाजाने मान्य करावी लागते: 30 दिवसांची मुदत हवेतून आलेली नाही. समजा पुण्यातली एखादी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी अमेरिकेत वेगळी कंपनी न काढता स्वतःच टेक्सासमध्ये धंद्यासाठी नोंदली गेली. ती आजही या नियमात येते. नोंदणी झाल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत तिला रिपोर्ट द्यावा लागतो, आणि 26 मार्च 2025 च्या आधी नोंदलेल्यांना 25 एप्रिल 2025 पर्यंतची मुदत होती. बँका, मोठ्या चालत्या कंपन्या वगैरे 23 प्रकारच्या सवलती आहेत, त्या आधी तपासाव्यात. मालकांत कुणी अमेरिकन असेल तर त्याची माहिती द्यावी लागत नाही. हेही खरं की 2024 साली मावसभावाच्या कंपनीसारख्या कंपन्यांनाही रिपोर्ट भरावा लागायचा, तेव्हा फिनसेनचा अंदाज सव्वातीन कोटींच्या आसपास कंपन्यांचा होता. पुढे टेक्सासच्या कोर्टाने डिसेंबर 2024 मध्ये कायद्याला स्थगिती दिली, 23 जानेवारी 2025 ला सुप्रीम कोर्टाने ती स्थगिती थांबवली, मुदती पुढे-मागे होत राहिल्या, आणि मार्चमध्ये हा नवा नियम आला. नाव अंतरिम आहे, म्हणजे बदलूही शकतो. बदलला तर फिनसेनच्या साइटवर दिसेल.

591 डॉलरचं म्हणाल तर त्या आकड्यावरूनच मजकूर शिळा आहे हे कळतं. कायद्यात रोज 500 डॉलर आहेत, महागाईप्रमाणे 2024 साली ते 591 झाले आणि 2025 च्या जानेवारीत 606. कुणीतरी 2024 चा मजकूर घेतला, तारीख उडवली आणि वर नवी "तातडीची सूचना" चिकटवली. आणि हा दंड ज्याच्यावर रिपोर्ट भरायची जबाबदारी आहे आणि ज्याने जाणूनबुजून टाळलं, त्याला. मावसभावावर जबाबदारीच नाही.

"कंपनी जप्त, व्हिसा रद्द": या कायद्यात दंड आहे, जास्तीत जास्त दोन वर्षांची कैद आहे, रिपोर्ट चुकला म्हणून कंपनी जप्त करण्याचं किंवा व्हिसा रद्द करण्याचं कलम नाही. मावसभावाकडे तर अमेरिकेचा व्हिसाच नाही.

"सरकार माहिती जाहीर करतं": नाही. हा साठा लोकांसाठी खुला नाही. तपास यंत्रणांसारखी सरकारी खाती आणि काही अटींवर बँका, अशांनाच तो बघता येतो.

आता त्या लिंककडे येते, कारण माझा खरा राग तिथे आहे.

फिनसेनकडे रिपोर्ट भरायला एक सेंटही लागत नाही. ज्या कंपन्यांना तो भरावा लागतो त्यांनाही नाही. सरकारी साइटवर स्वतः भरता येतो. एखाद्या वकिलाने किंवा अकाउंटंटने भरून दिला तर तो त्याच्या कामाची फी घेईल, पण तो माणूस तुम्हाला माहीत असतो, त्याचा पत्ता असतो. मावसभावाला पैसे भरल्यावर जी पीडीएफ आली तिच्यावर वर ठळक अक्षरात "फॉर्म 4022" असं होतं. फिनसेनने स्वतः जाहीर इशारा देऊन सांगितलंय की फॉर्म 4022 नावाचा आमचा फॉर्मच नाही आणि तसं काही आलं तर ती फसवणूक समजा. "इम्पॉर्टंट कम्प्लायन्स नोटीस" अशा मथळ्याच्या पत्रांबद्दल आणि क्यूआर कोड स्कॅन करायला लावणाऱ्या निरोपांबद्दलही तोच इशारा आहे. हा इशारा एकदा वाचला की पूर्ण फॉरवर्डला दुसऱ्या उत्तराची गरज उरत नाही.

349 डॉलर गेले, ते एक वेळ कमावता येतील. पण पासपोर्ट? आपल्या पासपोर्टच्या पहिल्या पानावर फोटो, क्रमांक, जन्मतारीख. शेवटच्या पानावर आईवडिलांची नावं आणि घरचा पत्ता. खऱ्या रिपोर्टलाही ओळखपत्राची क्रमांक दिसेल अशी एक प्रतिमा पुरते. आईचं नाव तिथे कुणी विचारत नाही. इथे मात्र दोन्ही पानं मागितली आणि याने दिली. म्हणजे माझ्या मावशीचं नाव आणि गंगापूर रोडवरचा तिचा पत्ता आता कुणाच्या तरी संगणकात आहे, आणि ते पान परत मागायची सोय नाही. मी हे तिला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हणाली, "मीच त्याला तो मेसेज दाखवला होता गं."

ज्यांनी असे पैसे भरलेत त्यांनी आजच्या आज बँकेला फोन करून कार्ड बंद करा, व्यवहारावर हरकत नोंदवा आणि भारतात असाल तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. आम्ही त्याच रात्री तिन्ही केलं.

ग्रुपवर मी हे सगळं थोडक्यात लिहिल्यावर एका काकांनी लगेच उत्तर दिलं: "म्हणजे परदेशी मालकाला अमेरिकेत आता काहीच भरावं लागत नाही. उत्तम!" त्याखाली सहा अंगठे. हे वाचून मला फॉरवर्डपेक्षा जास्त भीती वाटली.

बीओआय फिनसेनचं. कर खातं, म्हणजे आयआरएस, वेगळं, आणि त्याचं काहीही माफ झालेलं नाही. अमेरिकेतल्या एलएलसीचा एकटा मालक परदेशी असेल तर त्या एलएलसीला दरवर्षी फॉर्म 5472 भरावा लागतो, सोबत फॉर्म 1120 चं, म्हणजे कंपनीच्या टॅक्स रिटर्नचं, नुसतं नावापुरतं पान जोडून. हा नियम 2017 पासूनचा आहे. नफा झाला नाही, कर शून्य आहे, तरी भरायचा, कारण मालक आणि कंपनी यांच्यातला पैशांचा व्यवहार त्यात दाखवायचा असतो. तुम्ही स्वतःच्या खिशातून एलएलसीच्या खात्यात पहिले 200 डॉलर टाकलेत, तोही व्यवहारच. मुदत साधारण 15 एप्रिल, मुदतवाढ फॉर्म 7004 ने. अशा एलएलसीला तो ऑनलाइन पाठवता येत नाही. युटातल्या ऑग्डेनला टपालाने किंवा फॅक्सने जातो. आणि चुकला तर दंड 25,000 डॉलर. रोजचा हिशेब नाही, एका फॉर्मला सरळ 25,000.

भारतात राहणाऱ्यांनी आपल्या इन्कम टॅक्स रिटर्नमधलं शेड्यूल एफए विसरू नये. परदेशातली कंपनी, परदेशातलं खातं त्यात दाखवावं लागतं, आणि काळ्या पैशाच्या 2015 च्या कायद्यात त्यासाठी 10 लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर 2024 पासून 20 लाखांपर्यंतच्या स्थावर नसलेल्या मालमत्तेला त्यातून सूट आहे, पण तुम्ही त्यात बसता की नाही ते सीएला विचारा. पैसे पाठवताना रिझर्व्ह बँकेचे ऑगस्ट 2022 चे परदेशी गुंतवणुकीचे नियमही त्यालाच विचारा.

मी मावसभावाला विचारलं, "5472 भरलास ना?" तो गप्प. ज्या एजंटने एलएलसी काढून दिली त्याने नोंदणीचे पैसे घेतले, बँक खातं उघडून दिलं, आणि या फॉर्मचा शब्द काढला नाही. एलएलसी गेल्या वर्षी मार्चमध्ये निघाली, म्हणजे पहिला फॉर्म यंदाच्या एप्रिलमध्ये जायला हवा होता. जो रिपोर्ट भरायचाच नव्हता त्याला त्याने 349 डॉलर दिले आणि जो भरायचा होता तो राहून गेला.

आता उशिरा का होईना, कारण लिहून तो पाठवायचा. त्यासाठी त्याला पहिल्या दिवसापासून कंपनीत किती पैसे टाकले आणि किती काढले, तारीखवार हवंय. मावशी त्याच्या शेजारी बसून जुन्या पासबुकातल्या नोंदी वाचून दाखवते आहे. रविवारी सकाळी, म्हणजे माझ्या शनिवारी रात्री, आम्ही तिघं पुन्हा बसणार आहोत.