पंधरा वर्षांची बुलेट भंगारात? नाही!

‘15 वर्षं झाली की मोटारसायकल भंगारात द्यावीच लागते’ हा निरोप सध्या पुन्हा फिरतोय. महाराष्ट्रात असा नियम नाही. घाबरून कुणी चांगली चालती गाडी मातीमोल भावात विकू नका, ही कळकळीची विनंती.

हा गोंधळ दिल्लीवरून आला. तिथे 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने बंदी घातली आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. तो आदेश दिल्ली परिसरापुरता आहे.

आपल्याकडे 15 वर्षांनी संपते ती नोंदणीची मुदत. गाडी तपासणीत पास झाली की ती 5 वर्षांसाठी वाढते, पुढेही तसंच. मुदत संपण्याआधीच्या 60 दिवसांत फॉर्म 25 भरा, पर्यावरण कर भरा. विमा आणि पीयूसी चालू हवेत. तपासणीआधी हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट, टायर बघून घ्या. जुन्या बिडाच्या इंजिनच्या बुलेटवर इंजिनचा नंबर तेलकट चिखलाखाली दडलेला असतो, तो रॉकेलच्या फडक्याने पुसून ठेवा. पॉलिश पेपरने मात्र घासू नका. अक्षरं पुसट झाली तर नंबर पटवणं अवघड होतं.

मुदत उलटल्यावर तशीच चालवणं मात्र खरंच बेकायदेशीर आहे.