जॉब कार्डवर माझे शब्द लिहा

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्याकडे ऑटोमॅटिक गाडी आहे किंवा जे घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी कृपया पूर्ण वाचा.

आमची गाडी गेले बारा दिवस पुन्हा सर्व्हिस सेंटरला आहे. तेरा महिन्यांत ही पाचवी खेप, आणि पाचही वेळा कारण एकच, गिअरबॉक्स. कंपनीचं आणि डीलरचं नाव इथे लिहिणार नाही. प्रकरण आता लेखी चालू आहे आणि ते तसंच चालावं असं मला वाटतं. कमेंटमध्येही विचारू नका.

2021 मध्ये माझ्या डाव्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं. रोजचा प्रवास वारजे ते हिंजवडी. चांदणी चौकापासून भूमकर चौकापर्यंत क्लच दाबत गेलं की संध्याकाळी घरचा जिना चढताना कठडा धरावा लागायचा. डॉक्टरांनीच सांगितलं, डाव्या पायाला काम नसेल अशी गाडी बघा. मग 2023 च्या दिवाळी पाडव्याला ही घेतली. ऑन रोड साडेतेरा लाख, त्यातलं बरंचसं कर्ज. वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी होईल ते.

पहिले आठ महिने गाडी लोण्यासारखी चालली. 2024 च्या जुलैमध्ये पहिल्यांदा जाणवलं. सिग्नलला ब्रेकवरचा पाय उचलला की गाडी सरळ पुढे न सरकता थरथरायची. कप होल्डरमधली पाण्याची बाटली खडखड वाजायची आणि दुसरा गिअर पडताना खालून धप्प असा आवाज यायचा. सकाळी घरून निघताना काहीच नाही. ट्रॅफिकमध्ये अर्धा-पाऊण तास झाला की सुरू.

आज गिअरबॉक्सबद्दल जे कळतंय ते गाडी घेताना मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून थोडं सांगते. माझ्या गाडीत ड्युअल क्लच गिअरबॉक्स आहे, तोही ड्राय क्लचचा. आत क्लच दोन असतात. एक पहिला, तिसरा, पाचवा, सातवा हे गिअर सांभाळतो, दुसरा सम आकड्यांचे आणि रिव्हर्स. एका गिअरवर गाडी पळत असताना पुढचा गिअर आधीच लागून तयार असतो, फक्त एका क्लचने सोडायचं आणि दुसऱ्याने धरायचं. त्यामुळे हायवेला गिअर कधी बदलला ते कळतही नाही. पण क्लच म्हटला की घासणं आलंच. ट्रॅफिकमध्ये गाडी दहा फूट सरकते, थांबते, पुन्हा सरकते, तेव्हा दर खेपेला क्लच अर्धवट पकडीवर घासत राहतो आणि तापतो. वेट क्लच असेल तर तेल ती उष्णता ओढून घेतं. ड्राय क्लचला हवेशिवाय आधार नाही. तापला की पकड एकसारखी राहत नाही आणि गाडी थरथरते. जास्तच तापला तर गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर स्वतःच क्लच सोडून देतो.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये हे सरकण्याचं काम तेल करतं. सीव्हीटीमध्ये पायऱ्यापायऱ्यांचे गिअरच नसतात, पट्टा आणि पुली असते. एएमटी म्हणजे आपला नेहमीचा मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र टाकतं. इतक्या वेगळ्या चार गोष्टी, आणि शोरूममध्ये सगळ्यांना शब्द एकच, ऑटोमॅटिक. तुम्ही रोज कुठे चालवता, किती ट्रॅफिक असतो, हे मला एकानेही विचारलं नाही. रंग मात्र तीन वेळा विचारला.

तर जुलैत गाडी नेली. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि जॉब कार्डवर, म्हणजे गाडीची तक्रार नोंदवतात त्या कागदावर, लिहिलं, 'जनरल चेक-अप, पिकअप कमी'. मी सही केली. तेव्हा त्या ओळीचं महत्त्व मला कळलं नव्हतं. संध्याकाळी गाडी परत मिळाली, सॉफ्टवेअर अपडेट करून. पंधरा दिवस बरी चालली, मग पुन्हा तेच.

ऑक्टोबरमध्ये दुसरी खेप. दोन दिवस ठेवून घेतली आणि 'टेस्ट ड्राइव्ह घेतली, प्रॉब्लेम आढळला नाही' असा शेरा मारून परत दिली. टेस्ट ड्राइव्ह कधी घेतली विचारलं तर म्हणे सकाळी साडेनऊला, वर्कशॉपच्या मागच्या रस्त्यावर. म्हणजे गार गाडी, मोकळा रस्ता. त्यावर अ‍ॅडव्हायझर म्हणाला, "मॅडम, हा ड्रायव्हिंग स्टाईलचा इश्यू आहे. तुम्ही ब्रेक अर्धवट सोडून गाडी सरकवता. सरांना एकदा चालवायला सांगा."

सरांना गाडी चालवता येत नाही. घरात गाडी मीच चालवते, बावीस वर्षं चालवतेय. त्या दिवशी मी काही न बोलता परत आले आणि रात्रभर स्वतःलाच दोष देत बसले की खरंच माझंच काही चुकतंय का. पुढचा महिनाभर ब्रेकवरून पाय कसा उचलायचा याकडेच माझं सगळं लक्ष असायचं.

नंतर वाचनात आलं की हे उत्तर जुनं आहे. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट गाड्यांमधल्या पॉवरशिफ्ट ड्युअल क्लच गिअरबॉक्सबद्दल अशाच थरथरण्याच्या तक्रारी होत्या. तिथेही काही ग्राहकांना सांगितलं गेलं होतं की तुमच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे हे होतंय. तिथल्या ग्राहक आयोगाने कंपनीला कोर्टात खेचलं आणि एप्रिल 2018 मध्ये फेडरल कोर्टाने 1 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. दंड ग्राहकांच्या तक्रारी ज्या पद्धतीने हाताळल्या त्यासाठी होता. माझी गाडी त्या कंपनीची नाही, हे स्पष्ट करते. पण ते वाचल्यावर छातीवरचं ओझं उतरलं.

फेब्रुवारीत तिसरी खेप. यावेळी क्लच पॅक बदलला. पार्ट कंपनीकडून यायचाय, अप्रूव्हल यायचंय, असं करत गाडी 19 दिवस तिथे. मी रोज रिक्षाने ऑफिसला, आणि कर्जाचा हप्ता ठरल्या तारखेला खात्यातून गेला. वॉरंटीचे दिवसही त्याच 19 दिवसांत पुढे सरकले. माझ्या वॉरंटी पुस्तिकेत स्वच्छ लिहिलंय की बदललेल्या पार्टला वेगळी वॉरंटी नाही, मूळ वॉरंटीचा जो काळ उरला असेल तेवढीच. म्हणजे दोष त्यांच्या मशिनमध्ये आणि दिवस माझे गेले. ही गोष्ट मला फार लागते.

मग मे महिना. आईला घेऊन साताऱ्याला मावशीकडे निघाले होते. शनिवार, दुपारचे साडेबारा, खंबाटकी घाटात रांग लागलेली. दोन वळणं चढून झाल्यावर समोरच्या डिस्प्लेवर गिअरचा आकडा लुकलुकायला लागला आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर इंजिन नुसतंच ओरडलं, गाडी पुढे जाईना. पुढच्या क्षणी ती मागे यायला लागली. मागे उसाच्या मळीचा टँकर. मी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, पार्किंग लाइट लावले. आई काही बोलली नाही, तिने फक्त वरचं हँडल घट्ट धरलं होतं. टँकरचा क्लीनर उतरून धावत आला, मागच्या चाकाला दगड लावला आणि म्हणाला, "ताई, आधी आजींना कडेला घ्या, गाडीचं नंतर बघू." त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. टोइंगची गाडी यायला अडीच तास लागले. 76 वर्षांची माझी आई तेवढा वेळ मे महिन्याच्या उन्हात घाटाच्या कठड्याशी छत्री धरून बसली होती.

त्यानंतर 23 दिवस गाडी वर्कशॉपला. गिअर टाकणारं कंट्रोल युनिट बदललं. गाडी घ्यायला गेले तर एक कागद पुढे केला, 'कंपनीने गुडविल म्हणून विनामूल्य काम करून दिले' यावर सही करा. मी नाही केली. गाडी वॉरंटीत आहे, मग ही मेहेरबानी कसली? गुडविल म्हणून सही दिली की उद्या ते म्हणू शकतात, दोष नव्हताच, आम्ही आपलं मोठ्या मनाने करून दिलं. 'वॉरंटीअंतर्गत' असा शब्द घालून नवा कागद आणेपर्यंत दीड तास तिथेच बसून राहिले.

ऑगस्टमध्ये थरथर पुन्हा आली. यावेळी मी एकच हट्ट धरला. गाडी सोडून जाणार नाही, तुमच्या माणसाने संध्याकाळी साडेसहाला माझ्या शेजारी बसायचं. बरीच टोलवाटोलवी झाली, पण शेवटी एक तरुण टेक्निशियन लॅपटॉप घेऊन आला. त्याने स्टिअरिंगखाली केबल जोडली आणि आम्ही निघालो. पहिला अर्धा तास काही नाही. बालेवाडी सोडल्यावर ट्रॅफिक तुंबला, तसे लॅपटॉपवर क्लचच्या तापमानाचे आकडे वाढायला लागले. भूमकर चौकाच्या अलीकडे बाटली खडखड वाजली. मी काहीच बोलले नाही. त्यानेच मान वर केली आणि म्हणाला, "हो मॅडम, जाणवलं." सगळं रेकॉर्ड केलं. परत येताना हळूच म्हणाला, "जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या. आम्ही खाली फक्त तेवढंच वाचतो."

हे वाक्य माझ्यासाठी सगळ्यात मोलाचं ठरलं. मी घरी येऊन चारही जुनी जॉब कार्डं काढली. 'पिकअप कमी', 'नॉईज चेक', 'जनरल चेक-अप', 'ब्रेकडाउन'. एकाच दुखण्याची चार नावं! कागदावर बघणाऱ्याला वाटावं, चार वेगळ्या किरकोळ तक्रारी होत्या आणि चारही सुटल्या. गिअरबॉक्स हा शब्द तक्रारीच्या रकान्यात एकदाही नाही. पाचव्या वेळी मी काउंटरला उभी राहिले आणि अक्षरशः सांगून टाइप करून घेतलं: 'ट्रॅफिकमध्ये 40 मिनिटांनंतर पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथर, मे महिन्यात घाटात ड्राइव्ह सुटून गाडी मागे आली, हीच तक्रार पाचव्यांदा.' अ‍ॅडव्हायझर म्हणाला एवढं सिस्टिममध्ये बसत नाही. बसलं.

अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने 1982 मध्येच यासाठी कायदा केला. नव्या गाडीतला एकच दोष चार प्रयत्नांत दुरुस्त झाला नाही, किंवा पहिल्या दोन वर्षांत गाडी एकूण 30 दिवस वर्कशॉपला पडून राहिली, तर गाडी बदलून द्या किंवा पैसे परत द्या. असा मोजून दिलेला आकडा आपल्याकडे हवाच, असं माझं ठाम मत आहे. माझे दिवस मी मोजलेत, आजपर्यंत 57. आपल्याकडे हे ओझं ग्राहकावर आहे. गाडीत मुळातच दोष आहे हे आपण दाखवायचं, त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागतो, आणि तो तज्ज्ञ बघणार काय, तर हेच कागद.

तरी हात बांधलेले नाहीत. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू आहे. आपण जिथे राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो, आणि 10 ते 20 लाखांच्या खरेदीला फी फक्त 400 रुपये. दोष तपासणीशिवाय कळणार नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तक्रारीचं कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षं. 'अजून एकदा बघतो मॅडम' म्हणत ती कधी सरून जाते ते कळत नाही. वकिलाकडे जाण्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. मी केली, आणि त्यानंतर पहिल्यांदा कंपनीच्या माणसाचा स्वतःहून फोन आला. ग्राहक पंचायतीत, म्हणजे ग्राहकांसाठी काम करणाऱ्या संस्थेत, जाऊन बसा. 1974 मध्ये बिंदुमाधव जोशींनी ती पुण्यातच सुरू केली, आणि मी इथेच वाढलेली असून तिथे पहिल्यांदा पाऊल टाकलं ते यंदा. तिथल्या काकांनी माझे कागद तारखेप्रमाणे लावून दिले आणि वेगळी वही घालायला लावली: गाडी कधी दिली, कधी मिळाली, किलोमीटर किती, कोण काय म्हणालं.

आणखी एक गोष्ट. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने रिकॉलची, म्हणजे सदोष गाड्या कंपनीला परत बोलवायला लावण्याची, तरतूद आली, एप्रिल 2021 पासून त्याचे नियम आहेत. सुरक्षिततेला धोका असलेल्या एकाच दोषाच्या तक्रारी ठरावीक संख्येने आल्या तर सरकार रिकॉल लावू शकतं. म्हणजे तिथेही मोजदाद आहे. घाटात गाडी मागे येणं हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे, 'पिकअप कमी' नव्हे. आपण सगळे ग्रुपवर वैतागतो, हळहळतो आणि अधिकृत नोंद मात्र करत नाही.

टेक्निशियन मुलांवर राग काढू नका, एवढी विनंती आहे. वरून जे अप्रूव्हल येईल तेवढंच त्यांना करता येतं. त्या मुलाने रेकॉर्डिंग नीट केलं नसतं तर आज मी पुन्हा सॉफ्टवेअर अपडेट घेऊन परत आले असते.

काल फोन आला. यावेळी पूर्ण गिअरबॉक्स असेंब्ली बदलली आहे, गाडी तयार आहे, सकाळी अकराला या म्हणाले. मी संध्याकाळी साडेसहाची वेळ सांगितली आहे. नव्या गिअरबॉक्सचा नंबर जॉब कार्डवर हवा, आणि भूमकर चौकापर्यंत जाऊन आल्याशिवाय 'काम समाधानकारक' वर सही करणार नाही, हेही ईमेलने कळवलंय. तोच मुलगा शेजारी बसणार आहे. बाटली घेऊन जातेय.